छत्राचं अन्न खेड्यातून यायचं

वक्फ, म्हणजे धर्मादाय कामासाठी कायमचं दिलेलं दान, चालायचे ते शहरातल्या दुकानांच्या भाड्यावर, असं म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. जेरुसलेममधलं हासेकी सुलतान अन्नछत्र बघा. ऑटोमन सुलतान सुलेमानची बायको हुर्रेम सुलतान हिने ते १५५० च्या दशकात उभारलं आणि त्याचा मुख्य आधार होता रामला-लुद्द भागातली गावं. शेतजमीन सरकारी, मग ती दान कशी करणार? म्हणून सुलेमानने आधी त्या गावांचा महसूल हुर्रेमच्या खासगी मालकीचा करून दिला, मग तिने तो वक्फ केला. कुळं तीच राहिली, गहू, बार्ली, तीळ, ऑलिव्हही तेच. फक्त सरकारचा हिस्सा आता वक्फाकडे जाऊ लागला.

दानपत्रात पदार्थसुद्धा नेमून दिलेले आहेत: सकाळी तांदळाचं सूप, संध्याकाळी बुलगुरचं (उकडून भरडलेल्या गव्हाचं), सोबत पाव, आणि जुम्याच्या रात्री मटण घातलेला भात व केशरी गोड झेर्दे. कर्मचारी आणि तिथे राहणारे वेगळे, वर रोज ४०० गरीब जेवायचे.

म्हणूनच मला या विषयात कुळं फार महत्त्वाची वाटतात. पीक बुडालं किंवा माणसं गाव सोडून गेली, की त्याची झळ थेट त्या चुलीपर्यंत पोचायची.