परदेशी दुकानातून ट्रेकिंगचं सामान: फॉरवर्डरमार्फत मागवावं का, आणि कसं?

डोंगरवेडा_पुणे:
नमस्कार मंडळी. सप्टेंबरात लडाखला मार्खा खोऱ्यात जायचंय, तंबू-बिछाना सगळं पाठीवर. अमेरिकेतल्या एका दुकानात यादी तयार आहे: डाउन क्विल्ट (स्लीपिंग बॅगऐवजी घ्यायचं पिसांचं पांघरूण, साधारण 300 डॉलर), थर्मारेस्टची झेड लाइट मॅट, चार्जिंगचा हेडलॅम्प, छोटा गॅस स्टोव्ह आणि गार्मिन इनरीच मिनी. दुकान म्हणतं, यातले बरेच ब्रँड आम्ही भारतात पाठवत नाही. फॉरवर्डरचा, म्हणजे तिथे आपलं पार्सल घेऊन भारतात पाठवणाऱ्या कंपनीचा, अमेरिकन पत्ता घ्यावा का? खर्च कसा मोजायचा? चुलतभाऊ ऑगस्टमध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनहून येणार आहे, तोही पर्याय आहे.

तंबूठोक:
आधी इनरीच यादीतून काढा. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाही. अशी यंत्रं सामानात सापडल्यामुळे परदेशी पर्यटकांना आपल्या विमानतळांवर ताब्यात घेतलं गेलंय. भावाच्या बॅगेतूनही नको, आणि लडाखसारख्या सीमाभागात तर अजिबातच नको.

स्टोव्ह येतो, पण कोरा हवा. वापरलेल्या स्टोव्हला इंधनाचा वास असेल तर कुरिअर अडवतो. गॅसचा डबा पार्सलमध्ये नाही, विमानाच्या बॅगेतही नाही. तो लेहमध्येच घ्यायचा, आणि तुमच्या स्टोव्हला पेचाचा डबा लागतो की खटक्याचा, हे आधी बघून ठेवा.

हेडलॅम्प पेन्सिल सेलवर चालणारा घ्या. आत लिथियम बॅटरी असली की फॉरवर्डर वेगळी नोंद मागतो, कधी वेगळा दर लावतो. सुटी लिथियम बॅटरी किंवा पॉवर बँक तर प्रवासी विमानातून माल म्हणून जातच नाही, त्यामुळे गोदामात पडून राहते.

पार्सलशास्त्री:
खर्चाचा खरा घोळ आकारमानात आहे. एक्स्प्रेस कुरिअर खरं वजन आणि व्हॉल्युमेट्रिक वजन यातलं जे जास्त त्याचे पैसे घेतात. लांबी × रुंदी × उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले 5000, उत्तर किलोत.

तुमची झेड लाइट घ्या. खरं वजन 410 ग्रॅम, घडीचं माप 51 × 13 × 14 सेमी. म्हणजे नुसत्या घडीचे 1.86 किलो, चारपटीच्या वर, आणि खोक्यात घातली की त्याहून जास्त. फोमची मॅट परदेशातून मागवणं म्हणजे हवेचं भाडं भरणं. ती इथेच घ्या, पुण्या-मुंबईत घडीच्या फोम मॅट सहज मिळतात.

क्विल्टचं उलट आहे, तिथे मेहनत केली तर फायदा होतो. दुकान ती बहुधा ढगळ साठवण-पिशवीत भरून मोठ्या खोक्यात पाठवतं. खोकं 40 × 30 × 30 असेल तर 7.2 किलोचे पैसे. तीच स्टफ सॅकमध्ये (दाबून भरायच्या छोट्या पिशवीत) दाबून 30 × 20 × 20 च्या खोक्यात बसली तर 2.4 किलो. वस्तू तीच, एक किलोच्या आसपासची. म्हणून फॉरवर्डरला ‘रीपॅक’ सांगताना स्पष्ट लिहा: दुकानाचं खोकं काढा, क्विल्ट तिच्याच छोट्या पिशवीत भरा, व्हॅक्यूम करू नका. घरी आल्यावर लगेच मोकळी करा, डाउन दबून राहिलं की फुगवटा मरतो.

बाकी क्रम असा. फॉरवर्डर निवडताना गोदाम ऑरेगन, डेलावेअर किंवा न्यू हॅम्पशायरमध्ये आहे का ते बघा, या राज्यांत विक्रीकर नाही. मिळालेल्या पत्त्यात तुमचा ‘सूट’ (suite) क्रमांक, म्हणजे गोदामातली तुमची ओळख, असतो, तो दुसऱ्या ओळीत जशाच्या तसा टाका. तो सुटला की पार्सल ‘मालक अज्ञात’ ढिगाऱ्यात जातं आणि शोधायला ट्रॅकिंग क्रमांक, बिल, सगळं पाठवत बसावं लागतं. सगळी पार्सलं पोचली की एकत्र करायला सांगा, पण मोफत साठवणुकीची मुदत प्रत्येकाची वेगळी असते, ती आधी वाचा.

डोंगरवेडा_पुणे:
मॅट आणि इनरीच रद्द. पण ड्युटीचं काय? एके ठिकाणी 77 टक्के वाचलं, धडकीच भरली. आणि किंमत कमी लिहायला किंवा ‘गिफ्ट’ लिहायला सांगतात, ते चालतं का?

जकातनाका:
77.28 हा आकडा जुना आहे. 35 टक्के मूळ शुल्क, त्या शुल्कावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, आणि या सगळ्यासकट झालेल्या किमतीवर 28 टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), असा तो बनायचा. 2025 च्या अर्थसंकल्पात मूळ दर 20 वर आला, 2026 च्या अर्थसंकल्पात 10 वर. सीमाशुल्काच्या दरपत्रकात वैयक्तिक वापराच्या वस्तूंचं शीर्षक 9804. पार्सल निघायच्या आठवड्यात त्याचा चालू दर तपासा, फोरमवरचे आकडे (हेसुद्धा) शिळे होतात.

लोक विसरतात ते असं की शुल्क फक्त 300 डॉलरवर लागत नाही. भाडं आणि विमा धरून होणाऱ्या किमतीवर लागतं. म्हणजे मोठ्या खोक्याचा भुर्दंड दोनदा: एकदा भाड्यात, एकदा शुल्कात. वर कुरिअर शुल्क आधी भरून देण्याची आपली फी लावतो.

गिफ्टची सवलत डिसेंबर 2019 मध्येच गेली, जीवरक्षक औषधं आणि राख्या सोडून. किंमत कमी लिहू नका. अधिकारी ब्रँडचं नाव टाकून दुकानातली किंमत बघतो, मग किंमत वाढवतो आणि दंडही लावू शकतो. शिवाय वाटेत माल हरवला तर विमा जाहीर केलेल्या किमतीइतकाच. खरं बिल फॉरवर्डरच्या खात्यात चढवा. आधार-पॅनची केवायसी कुरिअरच्या संकेतस्थळावर आधीच करून ठेवा, नाव बिलाशी तंतोतंत जुळलं पाहिजे. पार्सलं सर्वात जास्त अडकतात ती इथेच.

रानवाटा_ताई:
अहो, भाऊ ऑगस्टमध्ये येतोय तर क्विल्ट त्याच्या बॅगेत येऊ द्या ना! किलोभराची वस्तू. टेक्सासचा विक्रीकर पडेल, पण कुरिअरचं भाडं नाही. सामानाच्या शुल्कमुक्त मर्यादेत त्याच्या बाकीच्या वस्तूही मोजल्या जातात, एवढं त्याला विचारून घ्या.

आणि या निमित्ताने कुणी बूट मागवायच्या विचारात असेल तर थांबा. पावसाळी सह्याद्रीसाठी परदेशी वॉटरप्रूफ बूट म्हणजे पैसे पाण्यात. पाणी वरून आत शिरतं आणि मग बाहेर येत नाही. आपल्याकडे अर्धं पब्लिक ॲक्शन कंपनीचे देशी ट्रेकिंग बूट घालून फिरतं ते उगाच नाही. लडाखसाठी घ्यायचेच असतील तर दुकानात पाय घालून घ्या.

डोंगरवेडा_पुणे:
ताई, पटलं. पण कार्ड दोनदा नाकारलं गेलं. काय करावं?

पार्सलशास्त्री:
बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार चालू आहेत का बघा, 2020 पासून नव्या कार्डांवर ते बंदच येतात. ते चालू असूनही नाकारलं तर दुकान बहुधा बिलाचा पत्ता ताडून बघतंय. बिलिंगमध्ये पुण्याचा पत्ता आणि शिपिंगमध्ये भावाचा, असं टाका. बिलिंगमध्येही अमेरिकन पत्ता टाकलात तर अडकू शकतं. दुकान पेपाल घेत असेल तर तो मार्ग सोपा. फॉरवर्डरचे पत्ते ओळखून ऑर्डर रद्द करणारी दुकानंही आहेत, भावाच्या पत्त्याला ती अडचण नाही. कार्डाच्या चलनबदल शुल्काचे 2 ते 3.5 टक्के मात्र हिशेबात धरा.

भावाला एक काम सांगा: पार्सल मिळाल्याच्या दिवशी क्विल्ट उघडून पसरायची, शिवणीतून पिसं निघतायत का आणि पट्ट्या-बक्कल पूर्ण आहेत का बघायचं, फोटो पाठवायचे. परताव्याची मुदत तिथे चालू होते. पुण्यात येऊन दोष सापडला तर परत पाठवायचं भाडं तुमच्या गळ्यात, आणि ब्रँडची वॉरंटी भारतात लागू आहे का हे आधी लेखी विचारून घ्या.