बुंदी खाताना गुरगुरते, परवा दातही आपटले. मदत हवी आहे

शेवंता:

आमच्याकडे बुंदी नावाची १४ महिन्यांची देशी कुत्री आहे. वजन १६.५ किलो, नसबंदी झालेली, रेबीजची लस आणि बूस्टर वेळेवर दिलेला. साधारण पाच महिन्यांची असताना रस्त्यावरून घरी आणली. पुण्यात टू बीएचके फ्लॅट आहे. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि चार वर्षांचा मुलगा.

जेवण सकाळी आठला आणि रात्री आठला. प्रत्येक वेळी ८० ग्रॅम ड्राय फूड, शिवाय दिवसाला एक पोळी. स्टीलची वाटी स्वयंपाकघराच्या दारात ठेवतो.

कुणी वाटीपासून दोन पावलांवर आलं की ती भराभर खायला लागते, अंग ताठ होतं, डोकं तसंच खाली ठेवून डोळ्यांच्या कडेने बघते. मग गुरगुर. आधी क्वचित व्हायचं, गेल्या तीन आठवड्यांत रोजचं झालंय. परवा नवऱ्याने वाटी उचलायला हात घातला तेव्हा हवेत दात आपटले. लागलं नाही. मोजे किंवा टिश्यू पळवून सोफ्याखाली नेले की तिथेही हाच प्रकार.

"खाताना वाटीत हात घालत जा, सवय होईल" असं एका ओळखीच्यांनी सांगितलं होतं, म्हणून महिनाभर तसं केलं. गुरगुरली की ओरडतो आणि वाटी काढून घेतो. याने वाढलंय का? आणि लहान मूल असताना आजपासून काय करायचं?

नीलमोहर:

हो, याने वाढलंय. तिची भीती एकच होती: माणूस जवळ आला की अन्न जातं. महिनाभर दिवसातून दोनदा ते खरं करून दाखवलं गेलं.

आजपासून वाटीत हात घालणं, मधेच वाटी काढणं आणि गुरगुरण्यावर ओरडणं, तिन्ही बंद. गुरगुर ही तिची सूचना आहे, आणि ती ऐकू येतेय हे तुमच्या घराचं भाग्य समजा. सूचनेला शिक्षा झाली की कुत्रं सूचना द्यायचं सोडतं, पण आतली भीती आहे तशीच राहते. "काही न करता एकदम चावला" म्हणून जी कुत्री दवाखान्यात आणली जातात, त्यांतल्या अनेकांची गुरगुर आधी घरातच मारून बंद केलेली असते.

वाटी दारातून हलवा. दार म्हणजे येण्याजाण्याची वाट, तिला प्रत्येक घासाला राखण करावी लागते. ज्या खोलीला कडी आहे तिथे जेवण द्या. आधी वाटी ठेवा, मग तिला आत सोडा, दार बंद. खाऊन झालं की तिला दुसऱ्या दाराने किंवा हाक मारून बाहेर घ्या, दार लावा आणि मगच आत जाऊन वाटी उचला. किमान दहा दिवस एवढंच. या दहा दिवसांत कुणीही, कौतुकानेसुद्धा, जवळ जायचं नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तीन आठवड्यांपूर्वी काही बदललं का, औषध, आजार, खाणं? आणि शेवटचं जंताचं औषध कधी दिलं?

शेवंता:

जंताचं औषध पाच महिन्यांपूर्वी. आणि हो, अंगाला खाज होती म्हणून महिन्याभरापूर्वी डॉक्टरांनी प्रेडनिसोलोनच्या गोळ्या सुरू केल्या, अजून चालू आहेत. याचा संबंध असेल?

नीलमोहर:

दाट संबंध असू शकतो. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आहे, त्याने भूक, तहान आणि लघवी वाढते, काही कुत्री चिडचिडी होतात. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. स्टेरॉइड एकदम थांबवलं तर शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल (तसंच काम करणारं संप्रेरक) तयार होणं मागे पडलेलं असतं आणि कुत्रं आजारी पडतं. डॉक्टरांना आजच फोन करून सांगा की गोळ्या सुरू झाल्यावर गुरगुर वाढली आणि दात आपटले. डोस उतरवायचा की खाजेवर दुसरं औषध द्यायचं, ते त्यांनी ठरवायचं. जंताचं औषधही विचारा; मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी देतात.

आणि बुंदीला खाणं कमी पडतंय. हिशेब करून बघा. १६.५ किलोच्या, नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्रीला दिवसाला साधारण ९०० किलोकॅलरी लागतात. बहुतेक ड्राय फूडमध्ये १०० ग्रॅमला ३५० च्या आसपास असतात (पिशवीच्या मागे आकडा छापलेला असतो, तो धरा). म्हणजे १६० ग्रॅमचे ५६०, पोळीचे शंभरेक. रोज जवळजवळ पाव भाग कमी, त्यात भूक वाढवणारी गोळी. अशा वेळी वाटीची राखण कुणीही करेल. आठवडाभरात हळूहळू वाढवून दिवसाला २३० ते २५० ग्रॅमवर न्या, तीन वेळांत विभागून. दर पंधरा दिवसांनी बरगड्यांवरून हात फिरवा: दाब न देता मोजता आल्या पाहिजेत, पण लांबून डोळ्यांना ठळक दिसू नयेत.

दवाखान्यात गेलात की दात आणि कान तपासून घ्या. दाढ दुखत असेल तर घास चावताना कळ येते आणि जवळ आलेल्या माणसावर राग निघतो.

कोरडाओढा:

सवय बदलायचं काम दहा शांत दिवसांनंतर आणि गोळ्यांचं मार्गी लागल्यावर सुरू करा. उपाशी आणि चिडलेल्या कुत्रीला काही शिकवता येत नाही.

शेवंताताई, तुमच्यासाठी मी पळीची पद्धत आधी सुचवेन, कारण त्यात राखण करायला वाटीत काही नसतंच. रिकामी वाटी खाली ठेवा. लांब दांड्याच्या पळीने त्यात मूठभरापेक्षा कमी ड्राय फूड टाका आणि दोन पावलं मागे या. तिने ते संपवून मान वर करून तुमच्याकडे बघितलं की दुसरी पळी. एका जेवणात आठ ते दहा पळ्या. ती खात असताना पळी पुढे न्यायची नाही, नेमकी इथेच घाई होते. चार-पाच दिवसांत पावलांच्या आवाजावर मान वर येईल, शेपूट सैल हलेल. माणूस येतो तेव्हा वाटीत भर पडते, हे तिला असंच कळतं.

त्यानंतर भरलेली वाटी. चिकनचा छातीचा भाग मीठ-मसाला न घालता उकडा आणि वाटाण्याएवढे तुकडे करा. कांदा-लसणाचं पाणी वापरू नका, दोन्ही कुत्र्यांना विषारी आहेत. दिवसाला ४० ग्रॅम चिकन पुरतं, तेवढं जेवणातून कमी करा. ती दोन पावलांवर गुरगुरते, तर सुरुवात सहा पावलांवरून. तिथपर्यंत चालत जा, एक तुकडा वाटीजवळ पडेल असा हात खालून झुलवून टाका, वळा आणि निघून जा. थांबायचं नाही, बोलायचं नाही, डोळ्यांत बघायचं नाही. एका जेवणाला पाच वेळा, बस.

क्रम महत्त्वाचा: आधी तुम्ही दिसायचं, मग चिकन. डब्याचा आवाज आधी झाला तर तिला डबा आवडायला लागेल, तुमचं येणं नाही.

पुढे कधी सरकायचं हे तिचं अंग सांगेल. तुम्ही दिसताच घास सोडून मान वर, कान मऊ, तोंड थोडं उघडं, नजर तुमच्या हातावर, असं सलग तीन जेवणांत झालं तरच अर्धं पाऊल पुढे. खाण्याचा वेग वाढणं, तोंड वाटीत तसंच ठेवून अंग थिजणं, मिशांच्या मुळाशी ओठ ताणला जाणं, डोळ्यांचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसणं, ही सगळी गुरगुरीच्या आधीची पायरी. यातलं काहीही दिसलं तर तुम्ही फार जवळ आहात. कडेने वळून मागे जा, रागवू नका, पुढच्या वेळी दोन पावलं लांबून सुरू करा.

अंतर आणि कृती एकाच दिवशी बदलू नका. वाटीपर्यंत सरळ उभ्याने पोचता आलं की वाकायला पुन्हा दोन पावलं मागून सुरुवात. वाकलेलं माणूस कुत्र्याला वेगळंच जनावर वाटतं. नवऱ्याने आणि सासूबाईंनी सहाव्या पावलापासूनच सुरू करायचं, तुमची प्रगती त्यांच्या खात्यात जमा होत नाही. ज्यांच्या हातून वाटी गेली त्यांना जास्त दिवस लागतील. एकूण सहा ते दहा आठवडे धरा.

भरली वाटी हातात उचलून दाखवण्यापर्यंत जायची गरज नाही. जेवत्या कुत्र्याची वाटी उचलण्याचं काही कारण घरात येत नाही.

शेवंता:

पळीची पद्धत समजली. मोज्यांचं काय? आणि सासूबाई म्हणतात ती डोक्यावर बसलीय, तिला घरात तिची जागा दाखवायला हवी. आम्ही आधी जेवायचं, मग तिला द्यायचं, वगैरे.

तिसरीघंटा:

जागा दाखवण्याची कल्पना लांडग्यांवरून आली. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या, एकत्र कोंडलेल्या लांडग्यांची भांडणं नोंदवली आणि कळपावर वरचढ नर-मादीचं राज्य असतं असं मांडलं. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९७० साली ही मांडणी लोकांपर्यंत नेली आणि रानातल्या कळपांचा अभ्यास केल्यावर १९९९ साली स्वतःच दुरुस्त केली: रानातला कळप म्हणजे बहुतेकदा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. तुमच्या बुंदीला घराचं राज्य नकोय, तिला तिचा घास हवाय. रस्त्यावर चार-पाच पिल्लं एका पत्रावळीवर तुटून पडतात, तिथे जो राखतो तोच जगतो. सासूबाई आधी जेवल्या तर बिघडत काही नाही, पण त्याने गुरगुर कमी होणार नाही. ताटावरून तुकडा टाकणं मात्र बंद करायला सांगा. जमिनीवर कुठेही, कधीही अन्न पडतं म्हटल्यावर ती अख्ख्या स्वयंपाकघराची राखण करते, आणि तिथेच मुलगा खेळतो.

मोजे: सोफ्याखाली हात घालू नका. पाठलाग केला की मोज्याची किंमत वाढते. ती जिथे आहे तिथून दोन-तीन मीटर लांब चिकनचे पाच-सहा तुकडे विखरून टाका. ती बाहेर येऊन वेचायला लागली की तिला खोलीबाहेर नेऊन दार लावा, मग मोजा उचला. तिच्या डोळ्यांदेखत झडप घालून उचललात तर पुढच्या वेळी चिकनला ती फसणार नाही.

बाजूने "सोड" शिकवा, पण तिला फारशा न आवडणाऱ्या वस्तूवर, उदाहरणार्थ जुनी दोरी. "सोड" म्हणा, एक सेकंद थांबा, चिकन नाकाशी धरा, दोरी सुटली की चिकन द्या आणि दोरी परत तिलाच द्या. दहापैकी नऊ वेळा वस्तू परत मिळाली पाहिजे. रोज पाच मिनिटं. टिश्यू, रिकामं पाकीट असं निरुपद्रवी काही पळवलं असेल तर दुर्लक्ष करा. धुवायच्या कपड्यांच्या टोपलीला झाकण लावणं हा निम्मा उपाय आहे. चघळायची हाडं सध्या पूर्ण बंद, शिजवलेलं कोंबडीचं हाड तर कधीच नाही, ते फुटून आतड्यात रुततं.

शेवंता:

मुलाच्या हाताने चिकन टाकायला लावलं तर दोघांची मैत्री होईल का?

नीलमोहर:

नाही, ताई. हे काम फक्त मोठ्यांचं. चार वर्षांच्या मुलाला अंतर राखता येत नाही, तुकडा पडला की तो उचलायला वाकतो, आणि त्याचं तोंड बरोबर तिच्या तोंडाच्या उंचीवर येतं. बुंदीचं जेवण चालू असताना तो दाराच्या दुसऱ्या बाजूला, मोठ्या माणसाच्या हाताशी. मुलाच्या हातात बिस्किट, चकली काहीही असेल तेव्हा बुंदी दुसऱ्या खोलीत किंवा जाळीच्या फाटकापलीकडे. पाहुण्यांची लहान मुलं येणार असतील, गणपती-दिवाळीत विशेषतः, तर ती येण्याआधीच तिला जेवण देऊन आतल्या खोलीत ठेवा. मैत्री संध्याकाळच्या फिरण्यात होऊ दे, दोरी तुमच्या हातात असताना.

कधी दात लागलेच तर: जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, मग पोव्हिडोन आयोडीन. हळद, तिखट, चुना काही नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे. कुत्रीला लस दिलेली आहे म्हणून घरी थांबायचं नाही. रेबीजची लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. त्वचेत दिली तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, स्नायूत दिली तर १४ व्या दिवशीही. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) द्यायचं का, हे तिथे आवर्जून विचारा. कुत्रीवर दहा दिवस लक्ष ठेवायचं.

कोरडाओढा:

कातडी फाटेल असा चावा झाला, मुलगा खोलीच्या दुसऱ्या टोकाला असतानाही ती थिजायला लागली, किंवा गुरगुर न करता थेट दात आले, तर घरच्या घरी चालू ठेवू नका. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांना जोडून रुग्णालयं आहेत. पुण्याहून शिरवळ जवळ. गरज पडली तर डॉक्टर फ्लुऑक्सेटिनसारखं भीती-चिंता कमी करणारं औषध सवय बदलण्याच्या कामाला जोड म्हणून देतात, त्याचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे जातात. काटेरी पट्टा किंवा शॉकचा पट्टा घेऊन येणाऱ्या ट्रेनरला दारातूनच परत पाठवा.

तोपर्यंत तोंडाच्या जाळीची सवय लावून ठेवा, दवाखान्यासाठी. टोपलीसारखी, ज्यात धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. कापडी नको. आतल्या बाजूला थोडं दही चोपडा, तिला स्वतःहून तोंड घालू द्या, पट्टा पहिल्या आठवड्यात लावूच नका.

तिसरीघंटा:

एक राहिलं. स्टीलची वाटी फरशीवर सरकते, ती वाटीच्या मागे मागे जाते आणि भिंतीशी अडकते, मग वाट बंद झाल्यासारखं वाटून जास्त बिथरते. जड, पसरट वाटी घ्या किंवा खाली रबरी पायपुसणं टाका. वाटी अशी ठेवा की तिची पाठ भिंतीकडे आणि तोंड दाराकडे असेल, येणारा माणूस तिला लांबूनच दिसला पाहिजे.

शेवंता:

डॉक्टरांशी बोलणं झालं, उद्या संध्याकाळी दात-कान दाखवायला आणि गोळ्यांचं ठरवायला बोलावलंय. आजपासून जेवण मागच्या खोलीत, दार बंद. फ्रिजवर कागद लावलाय: तारीख, कुणी दिलं, किती पावलं, मान वर आली की नाही. पळी दहा दिवसांनी सुरू करते आणि इथेच लिहिते.