टारफुला सोडून खडखड्या: आफ्रिकी विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या कुठे खर्च व्हाव्यात? (ऑनलाइन चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

काळी कसदार

ज्वारीच्या पैदाशीत माझी तीस वर्षं गेली. आता निवृत्त आहे. नोकरीच्या शेवटच्या टप्प्यात उत्तर इथिओपियातला एक मुलगा शिष्यवृत्तीवर माझ्याकडे पीएच.डी.ला आला. पहिल्याच आठवड्यात त्याने मोबाइलवर एक फोटो दाखवला. गुडघ्याएवढीच वाढलेली, पिवळी पडलेली ज्वारी आणि तिच्या बुडाशी जांभळट-गुलाबी फुलांचा गालिचा. "सर, हे आमचं शेत."

टारफुला, ज्वारीवर जगणारं तण. आपल्याकडेही असतो, फुलं बहुधा पांढरी. ज्वारीच्या मुळांना चिकटून तिचा रस शोषतो. बी धुळीसारखं बारीक, एका झाडाला हजारोंनी येणारं, आणि जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत राहणारं. शेतकरी निंदायला जातो तोवर मुळाशी सगळं उरकलेलं असतं.

त्या मुलाला टारफुल्यावर काम करायचं होतं. मी त्याला खडखड्या दिला. रब्बी ज्वारीत ताटाचा बुंधा आतून कुजून पीक लोळतं, तो रोग. आपल्याकडे तो महत्त्वाचा, माझ्या प्रकल्पाला पैसे त्याच्यासाठीच होते. चार वर्षं त्याने मान मोडून काम केलं, शोधनिबंध आले, त्यांवर माझंही नाव लागलं. तो पदवी घेऊन परत गेला आणि त्याच्या विद्यापीठात खडखड्यावर काम करायला ना पैसा होता ना कुणाला गरज. ही गोष्ट मला आजही सलते.

म्हणून माझं मत स्पष्ट मांडतो. आफ्रिकी विद्यार्थ्यांच्या पदव्युत्तर शिष्यवृत्त्यांचा मोठा वाटा आफ्रिकेतच खर्च व्हायला हवा. दक्षिण आफ्रिकेत पीटरमॅरिट्झबर्गला पीक सुधारणेचं केंद्र आहे. तिथे विद्यार्थी सुरुवातीचा काळ विद्यापीठात शिकतो आणि मग पीएच.डी.चं शेतावरचं काम आपापल्या देशात जाऊन करतो. घानात आक्राजवळच्या लेगोनला 2007 पासून याच धर्तीवर पैदासकार तयार होताहेत. नैरोबीच्या 'इसिपे' या कीटकशास्त्र संस्थेचा डॉक्टरेटचा कार्यक्रम 1983 पासून चालू आहे. आफ्रिकी संघाने 2011 मध्ये पॅन आफ्रिकन युनिव्हर्सिटी काढली, तिच्या शाखा नायजेरिया, केनिया, कॅमेरून, अल्जीरियात आहेत. वाट मळलेली आहे, पैसा मात्र अजून विमानाच्या तिकिटांकडेच धावतो.

परीक्षानळी

सर, तुमची खंत खरी आहे, पण निष्कर्ष पटला नाही. विषय चुकला तो मार्गदर्शकाचा निर्णय होता, शिष्यवृत्तीचा नव्हे. त्याची शिक्षा पुढच्या मुलांना का?

टारफुल्याचंच घेऊ. त्याला तोंड देणारी ज्वारी देणारे गेबिसा एजेटा इथिओपियाचेच. डॉक्टरेट अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात. टारफुल्याचं बी ज्वारीच्या मुळांतून पाझरणाऱ्या रसायनाचा इशारा मिळाल्यावरच रुजतं. हा इशाराच न देणारी ज्वारी शोधायचं काम पर्ड्यूच्याच प्रयोगशाळेत झालं. 2009 चं जागतिक अन्न पारितोषिक त्यांना मिळालं. म्हणजे तुमच्या विद्यार्थ्याच्या शेतातल्या तणाचं उत्तर शेतापासून हजारो मैलांवर सापडलं.

नोबेल शांतता पारितोषिक मिळालेल्या केनियाच्या वांगारी मथाई घ्या. 1960 मध्ये केनियातून सुमारे तीनशे मुलं अमेरिकेला नेली गेली, त्यांतल्या त्या एक. कॅन्ससला पदवी, पिट्सबर्गला एम.एस., मग जर्मनीत संशोधन आणि 1971 मध्ये डॉक्टरेट नैरोबीत. पूर्व आणि मध्य आफ्रिकेत डॉक्टरेट मिळवणारी ती पहिली स्त्री.

मी स्वतः लातूरहून जर्मनीला शिष्यवृत्तीवर गेले. रसायनशास्त्रातली माणूस आहे. तिथे मला यंत्रं मिळाली हे खरं, पण त्याहून मोठं म्हणजे, प्रमुखांना "तुमचं हे चुकतंय" असं सगळ्यांसमोर म्हणायची सवय लागली. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा हात थरथरत होते. ही सवय मला लातूरला लागली नसती. कंपालाच्या मुलीला ती संधी नाकारणारे आपण कोण?

काळी कसदार

नाकारा असं मी म्हणत नाही, वाटा बदला म्हणतोय. आणि एजेटांचं अर्धंच सांगितलंत. त्यांची पहिली पदवी अलेमायाच्या कृषी महाविद्यालयातली, म्हणजे इथिओपियातली. डॉक्टरेटनंतर ते इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या नोकरीवर सुदानला गेले आणि 1983 मध्ये 'हगीन दुरा-1' हा ज्वारीचा संकरित वाण तिथे आला. ती शिष्यवृत्ती नव्हती, संशोधनाचं पद होतं. पगार, शेत, मजूर, जीप. सुदानची ती वर्षं वजा करा आणि मग सांगा पुढे काय उरलं असतं.

आज मुलगा पदवी घेऊन परततो तेव्हा आठवड्याला वीस तास शिकवणं आणि दोनशे उत्तरपत्रिका वाट पाहत असतात. संशोधनाचं पद कुठे असतं?

परीक्षानळी

पदांबद्दल शंभर टक्के सहमत. विषयाबद्दल नाही. बाबासाहेब 1913 मध्ये सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. तिथल्या डॉक्टरेटसाठी प्रबंध दिला तो ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवर. आपला प्रश्न बरोबर नेणारा विद्यार्थी तो कुठेही सोडवतो.

काळी कसदार

अर्थशास्त्राला ग्रंथालय पुरतं. ज्वारीला जमीन लागते, पाऊस लागतो, आणि तोच रोग, तेच तण असलेली माती लागते. टारफुल्याचं बी दुसऱ्या देशातून पिशवीत घालून आणता येत नाही, क्वारंटाइनवाले ते जाळतील आणि बरोबरच करतील.

अथी नदीकाठ

नैरोबीत पंधरा वर्षं आहे. प्रयोगशाळांना काचसामान आणि रसायनं पुरवायचा धंदा, त्यामुळे विद्यापीठांत रोजचं जाणं-येणं.

काळी कसदार यांचं म्हणणं कागदावर चांगलं आहे. इथे काय होतं ते सांगतो. सरकारी विद्यापीठांतल्या प्राध्यापकांचे संप 2017, 2018, 2024 असे पुन्हा पुन्हा झाले. वर्ग बंद आणि मार्गदर्शक घरी. तीन वर्षांची शिष्यवृत्ती संपते, प्रबंध मात्र तिसऱ्या प्रकरणात अडकलेला. माझ्याकडून मागवलेलं एन्झाइम बंदरात नाही तर विमानतळावर आठवडे पडून राहतं, सोबतचा बर्फ वितळतो आणि माल फुकट. पैसे तर गेलेच, त्या मुलाचा हंगामही गेला.

पण परदेशाचं गुणगान करणाऱ्यांनीही एक पाहावं. आमच्या इमारतीच्या रखवालदाराच्या मुलीला ब्रिटनमध्ये एम.एस्सी.ला 'पूर्ण' शिष्यवृत्ती मिळाली. पूर्ण म्हणजे काय? पासपोर्ट, गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती, व्हिसासाठी क्षयाची तपासणी, इंग्रजीची परीक्षा, हे सगळं आधी खिशातून, पावत्या नंतर. आणि इंग्रजीची परीक्षा कुणाची, तर चौथीपासून सगळे विषय इंग्रजीत शिकलेल्या मुलीची. शेवटी चर्चमध्ये हरांबी झाली. म्हणजे सगळ्यांनी मिळून वर्गणी. प्लॅस्टिकचं घमेलं फिरलं, कुणी पन्नास शिलिंग टाकले, कुणी शंभर. एका म्हातारीने कोंबडी आणली, तिचा तिथेच लिलाव झाला. मी बाराशेला घेतली. मुलगी गेली.

ज्यांच्याकडे हरांबीलाही माणसं नाहीत, त्यांचे अर्ज देणाऱ्यांच्या टेबलापर्यंत पोचतच नाहीत. आफ्रिकेत की परदेशात, हा वाद त्यानंतरचा.

चांदवडचा

सगळं ठीक आहे. पण राज्य सरकारच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या संशोधक मुलांना फेलोशिपसाठी आंदोलनं करावी लागली ती आपल्याच राज्यात. 2015 च्या दिल्लीतल्या भारत-आफ्रिका परिषदेत पाच वर्षांत पन्नास हजार शिष्यवृत्त्या जाहीर झाल्या. आधी घरची लेकरं, मग पाहुणे. यात चूक काय?

वसतिगृहमित्र

चूक ही की एकाचं ताट काढलं म्हणून ते दुसऱ्याच्या पुढ्यात येत नाही. बार्टीच्या मुलाची फेलोशिप थकते ती राज्याच्या अर्थसंकल्पात, सुदानच्या मुलाची परराष्ट्र खात्याच्या खर्चात असते. मी स्वतः फेलोशिपसाठी धरणं धरून बसलो आहे, त्यामुळे महिनाअखेर मेसचे पैसे नसणं म्हणजे काय ते मला सुदानच्या मुलाला समजावून सांगावं लागत नाही.

आणि हे नातं आजचं नाही. औंधचे अप्पासाहेब पंत 1948 ते 1954 नैरोबीत भारताचे आयुक्त होते. आफ्रिकी मुलांनी भारतात येऊन शिकावं म्हणून त्यांनी खटपट केली. पुण्यात सिंबायोसिस 1971 मध्ये उभी राहिली तीसुद्धा फर्ग्युसनच्या वसतिगृहात कावीळ होऊन एकट्या पडलेल्या मॉरिशसच्या विद्यार्थ्यामुळे. सिंबायोसिसचे संस्थापक डॉ. मुजुमदारांनी ते खिडकीतून पाहिलं, आणि पाहून पुढे गेले नाहीत.

पण माझा मुद्दा तुम्हा तिघांहून वेगळा आहे. भारतात बोलवायचं असेल तर राहायला जागा द्या. मी पुण्यात परदेशी विद्यार्थ्यांना खोल्या शोधून देतो, पैसे घेत नाही. फोनवर घरमालक "हो, आहे खोली" म्हणतात. दारात माणूस बघितला की "आत्ताच गेली हो." मागच्या जूनमध्ये टांझानियाच्या एका संशोधक मुलाबरोबर मी एका दिवसात अकरा दारं फिरलो. बाराव्या ठिकाणच्या आजी म्हणाल्या, जेवणात काय लागतं त्याला? तो म्हणाला, उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं. आजी म्हणाल्या, आमच्याकडे त्याला उकड म्हणतात, ये आत. परदेशी माणूस ठेवला की घरमालकाला चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला देणारा फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. तो आजींना मी भरून दिला. पुष्कळ जण या फॉर्मच्या धास्तीने नाही म्हणतात, आणि पुष्कळ जण फॉर्मचं नुसतं निमित्त करतात.

2017 मध्ये ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांना जमावाने मारलं, ते मॉलच्या आतही. त्याचे व्हिडिओ लागोस आणि अबुजाच्या आयांनी पाहिले. शिष्यवृत्तीची जाहिरात वाचताना त्यांच्या डोळ्यांपुढे काय येत असेल?

परीक्षानळींनी बाबासाहेबांचं नाव घेतलं म्हणून आठवण करून देतो. ते शिष्यवृत्तीचा करार पाळायला 1917 मध्ये बडोद्याला नोकरीवर आले, तेव्हा राहायला खोली मिळाली नाही. पारशी वसतिगृहातून लाठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढलं. कोलंबियात शिकलेला माणूस झाडाखाली बसून रडला. महाराजांची शिष्यवृत्ती होती, करार होता, पद होतं. खोली नव्हती.

चांदवडचा

हे माहीत होतं, पण इथे असं जोडून पाहिलं नव्हतं. माझा राग फेलोशिप थकवणाऱ्यांवर आहे, त्या मुलांवर नाही. तेवढं मागे घेतो. आपल्या मुलांचे पैसे वेळेवर मिळावेत, ही मागणी मात्र सोडणार नाही.

परीक्षानळी

काळी कसदार सर, एक प्रश्न राहिला. इतके दिवस आपण सगळे त्या मुलाच्या वतीने बोलतोय. त्याला विचारलंत का कधी, की पुन्हा संधी मिळाली तर तो कुठे शिकेल?

अथी नदीकाठ

हेच विचारणार होतो. आता शाळकरी पोर नाही तो, प्राध्यापक असेल कुठेतरी.

काळी कसदार

विचारलं नव्हतं. काल रात्री फोन केला. लाइन दोनदा कटली, तिसऱ्यांदा लागली.

आधी त्याने माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मग म्हणाला, "सर, मी पुन्हा तुमच्याकडेच येईन." मला बरं वाटलं, खोटं का बोलू. पण पुढे म्हणाला, "फक्त दोन तिकिटं जास्त मागेन." शिष्यवृत्तीत विमानभाडं दोनदाच होतं, येताना आणि शेवटी जाताना. मधे जून ते सप्टेंबर दोन पावसाळे गावी काढता आले असते, तर खडखड्याबरोबर टारफुल्याचाही एक प्रयोग स्वतःच्या शेतात लावला असता. निवडी इकडे करायच्या आणि पेरायच्या तिकडे. त्याने तेव्हा मला हे विचारलं होतं म्हणे. मी म्हणालो होतो, नियमात बसत नाही. मला आठवत नाही, पण मी असं म्हणालो असणार.

अथी नदीकाठ, आता त्याच्याकडे एम.एस्सी.च्या दोन मुली आहेत आणि दोघीही टारफुल्यावर काम करताहेत. त्याला मुळांची वाढ काचेच्या तबकड्यांत आगरवर, म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीवर, पाहायची आहे. तबकड्या आहेत, आगर संपलंय, आणि त्यांच्याकडे परकीय चलन मिळवायला फार वेळ लागतो. नैरोबीहून अदिस अबाबाला पाठवायची काही सोय होईल का? पैसे मी इथून भरतो.

अथी नदीकाठ

अर्धा किलो पाठवू शकतो. आगरला बर्फ लागत नाही, त्यामुळे अडकलं तरी खराब होणार नाही. मात्र विद्यापीठाच्या लेटरहेडवर आयातीचं पत्र लागेल, त्यावर विभागप्रमुखांची सही आणि गोल शिक्का हवा. शिक्का नसला तर कस्टम परत पाठवतं. पत्ता मला व्यक्तिगत निरोपात कळवा.

परीक्षानळी

अर्धे पैसे माझ्याकडून. आणि सर, माझं मत तेच आहे, त्या दोन मुलींपैकी एकीने तरी पर्ड्यूला अर्ज करावा. शिफारसपत्र कसं लिहायचं ते मी तुमच्या विद्यार्थ्याशी बोलेन, त्याची हरकत नसेल तर.