अनुभव धागा : डॉ. लागू आणि आपण नागपूरकर

डिसेंबर आला की दोन तारखा हटकून आठवतात. 23 डिसेंबर 1970, 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग. आणि 17 डिसेंबर 2019, डॉक्टर गेले तो दिवस. डॉ. श्रीराम लागू तुमच्या घरात कसे शिरले, ते लिहा. पुरस्कारांची यादी नको.

सुरुवात माझ्यापासून. आमच्याकडे 'नटसम्राट' म्हटलं की आधी पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाव निघायचं. आजोबा सुपारी कातरत म्हणायचे, "लिहिलं शिरवाडकरांनी, केलं लागूंनी, पण बसवलं कोणी? आपल्या नागपूरच्या मास्तरांनी!" पुढचं वाक्य यायला पान पूर्ण लागेपर्यंत थांबावं लागे.

महाल
मी एकोणीस वर्षांचा, मे महिन्यातलं नाट्यशिबिर. अप्पासाहेबांचं स्वगत करायचं ठरवलं. कापसाची दाढी डिंकानं चिकटवली. हॉलमध्ये एकच कुलर, तोही घर्रघर्र करणारा आणि नेमका माझ्या तोंडावर. घामानं डिंक सुटला, दाढी एका कानाला लोंबकळायला लागली. मागून आवाज आला, "अबे, आधी दाढी सांभाळ, घर मंग माग!" हॉल फुटला. पुढे लागूंच्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. भूमिका पहिल्यांदा केली तेव्हा ते 43 वर्षांचे होते, हे तोवर ठाऊकच नव्हतं. त्यांचे खांदे बघायचे होते राजेहो, मी दाढी बघत बसलो होतो.

धंतोली
मी कान-नाक-घशाची डॉक्टर, म्हणजे त्यांच्याच शाखेची. एमएसला असताना कुणीतरी 'लमाण', त्यांचं आत्मचरित्र, हातात ठेवलं. आफ्रिकेत प्रॅक्टिस केलेला सर्जन 1969 मध्ये, चाळिशी उलटल्यावर, पूर्णवेळ नाटकात उतरतो! माझ्या वडिलांना हे पचलंच नसतं. ओपीडीत आवाज बसलेले शिक्षक येतात. त्यांना 'सामना'तले लागू ऐकायला सांगते. सगळा दारुडा मास्तर हळू आवाजात उभा केलाय. गोळ्याही देते अर्थात.

प्रतापनगर
हिवाळी अधिवेशन लागलं, रस्ते अडले, की आम्ही घरी 'सिंहासन' लावतो. 1979 चा सिनेमा, पण लागूंनी केलेले मंत्री दाभाडे अजून शिळे झाले नाहीत.

धरमपेठ
एलकुंचवार आपल्या गावचे, म्हणून 'आत्मकथा' वाचायला घेतलं. त्यातला म्हातारा लेखक लागूंनी केला होता हे आधीच कळलं आणि घोटाळा झाला. पानापानावर त्यांचाच आवाज. आता ते नाटक मला स्वतःच्या आवाजात वाचताच येत नाही.

सीताबर्डी
आई दर मंगळवारी टेकडीच्या गणपतीला जाणारी. देवाला निवृत्त करा म्हणणारा माणूस तिला कसा चालावा? पण टीव्हीवर 'पिंजरा' लागला की भाजी निवडणं थांबायचं. मास्तर तमाशाच्या फडात गेला की पदर डोळ्यांना. एकदा मी चिडवलं, "अगं, हेच ते नास्तिक!" म्हणाली, "असू दे. त्याचं तो बघून घेईल. तू टीव्हीसमोरून हो बाजूला."