अनुभव धागा : विमान कंपन्यांचं गोल्ड कार्ड, बेळगावच्या माणसाला खरंच कामाचं?

सांबराकर
कपाट आवरताना जुनं गोल्ड कार्ड (सारखं उडून पॉइंट साठवणाऱ्या मेंबरला विमान कंपनी देते ते) हाताला लागलं, म्हणून धागा काढला. आपल्याकडं घरटी एक पोरगं परदेशात, आई-वडिलांची जा-ये चालूच. एजंट विचारतो, "मेंबर नंबर हाय काय?" तो टाकून मिळतं काय, ते नेमकं लिहा.
सुरुवात मी करतो. एअर इंडिया 2014 पासून स्टार अलायन्समध्ये (विमान कंपन्यांची युती) आहे, त्यामुळं तिचं गोल्ड लुफ्थान्सा, सिंगापूर, युनायटेड, टर्किश सगळीकडं चालतं. वेगळी चेक-इन रांग, लाउंज, पट्ट्यावर बॅग आधी. खरं मोल जादा सामानाचं. वजनावर हिशेब असेल तिथं 20 किलो जादा, अमेरिकेसारखा नगावर असेल तिथं एक बॅग जादा.

निपाणीकर
होय खरं सांबऱ्यावरनं, म्हणजे आपल्या बेळगाव विमानतळावरनं, एअर इंडिया कुठाय? इंडिगो नाहीतर स्टार एअर. इंडिगो या युतीत नाही, त्यांची मेंबर योजना ब्लूचिप निराळी. आणि स्टार एअर नावात 'स्टार' आहे म्हणून गोल्ड कार्ड दाखवू नका, तिचा अलायन्सशी काही संबंध नाही. एअर इंडिया एक्सप्रेसपण युतीबाहेरच.

टिळकवाडीची वैनी
निपाणीकर भावजी बरोबर बोलले. मोठी अडचण पुढंच आहे. बेळगाव-बंगळूर एक तिकीट आणि पुढचं परदेशाचं दुसरं, असं असलं की पहिल्या विमानाला देशातली 15 किलोचीच मर्यादा लागते. गोल्डचे 20 किलो पुढच्या तिकिटावर आहेत, सांबऱ्याच्या काउंटरवर जादा वजनाचे पैसे मोजावेच लागतात. बंगळुरात बॅग पट्ट्यावरनं उचलायची, इंडिगोनं आलात तर टर्मिनल टी-1 वरनं शटल बसनं टी-2 ला जायचं, परत चेक-इन. पहिलं विमान उशिरा आलं नि पुढचं चुकलं तर तुम्ही 'नो-शो', म्हणजे आलाच नाही असं धरतात. गोल्ड असो की प्लॅटिनम, दुसरं विमान फुकट देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. मध्ये किमान पाच-सहा तास ठेवा. म्हाताऱ्या माणसांना तर आदल्या दिवशीच पाठवा.

चोर्लाघाट
गोव्यावरनं जाणाऱ्यांनी तिकिटावर दाबोळी की मोपा ते बघा. एक वास्कोकडं, दुसरं पेडण्यात, दोन्ही टोकं. पावसाळ्यात चोर्ल्यात धुकं, दरड काहीही होतं, तास-दोन तास पदरी ठेवूनच निघा.

शहापूरकर
पॉइंट जमा का होत नाहीत यावर लिहितो. आपल्या पासपोर्टात पहिल्या रकान्यात आडनाव, दुसऱ्यात स्वतःचं आणि बऱ्याचदा वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. मेंबर खातं उघडताना मधलं नाव गाळलं की तिकिटावरचं नाव जुळत नाही नि पॉइंट लटकतात. दुसरं, बुकिंग क्लासचं अक्षर, म्हणजे तिकीट कुठल्या भाड्यातलं ते दाखवणारं इंग्रजी अक्षर. एकदम स्वस्तातल्या काही अक्षरांना भागीदार कंपनी शून्य देते. तिकीट काढण्याआधीच एजंटकडनं अक्षर विचारून घ्या.

खानापूरची
कुंदा हातातल्या बॅगेत चालतो काय हो? आणि नवऱ्याच्या गोल्डवर मला लाउंजला सोडतात काय?

टिळकवाडीची वैनी
कुंदा कोरडा, डब्यात घट्ट बंद करून चेक-इनला टाक, तूप-लोणचंपण तिथंच. सुकं खोबरं मात्र नकोच, त्याला बंदी आहे, बॅग उघडून काढतात. पॉवर बँक हातातच. लाउंजला एक पाहुणा चालतो, खरं तुझंपण विमान स्टार अलायन्सचंच पाहिजे. सामान मात्र ज्याचं कार्ड त्याचंच वाढतं, तुझं नाही.

खानापूरची
थँक्यू वैनी 🙏 खोबरं बाहेर काढते.

निपाणीकर
लाउंज बँकेच्या कार्डावरपण मिळतं की. हल्ली बऱ्याच बँका आधीच्या तिमाहीतला खर्च बघतात, तेवढं तपासा. नुसत्या लाउंजसाठी गोल्डच्या मागं धावून जादा विमानं करू नका, तोट्यात जाल.

बंगळूरवाला
बंगळूरपर्यंतच जायचं तर 2025 च्या ऑगस्टपासून वंदे भारत आहे, राणी चन्नम्मा तर रात्रीची आहेच. बॅगेचं वजन करायला कोण येत नाही.

सांबराकर
विषय गोल्डचा आहे ओ 😄 खरं सामान जास्त असेल तर आगगाडी बरीच.

शहापूरकर
राहिलेलं एक. नंबर एकाच कंपनीचा धरा. अर्धे पॉइंट इथं, अर्धे तिथं केले की कुठंच गोल्ड होत नाही. घरच्यांचे पॉइंट एकत्र करायची सोय काही कंपन्या देतात, पण ते फुकट तिकिटापुरतं, स्तर प्रत्येकाचा स्वतंत्रच चढतो. आणि बोर्डिंग पास फेकू नका. पॉइंट पडले नाहीत तर 13 आकडी तिकीट नंबर आणि पासचा फोटो लावून मागता येतात, त्याला मुदत असते.