मला तरी आधी समाविष्ट गावांचं पाणी दिसतं

पुणे महापालिकेच्या निवडणुकीत या वेळी वाहतूक कोंडी हाच मुख्य मुद्दा, असं इथं बहुतेकांचं मत आहे. कोंडी मीही रोज सोसतो, पण माझ्या लेखी पाणी त्याच्या आधी येतं.

२०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. किरकटवाडी, नांदेड ही त्यातलीच. खडकवासला धरण यांच्या उशाशी, आणि जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसचे (गिलेन-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करणारा आजार) रुग्ण याच पट्ट्यात सर्वाधिक सापडले. संशयाची सुई दूषित पाण्याकडे गेली. शुद्धीकरण प्रकल्पाचं पाणी तिथे पोहोचलंच नव्हतं. विहिरीचं पाणी क्लोरीन टाकून दिलं जात होतं. माणसं व्हेंटिलेटरवर गेली, काही दगावली. हे विसरून आपण उड्डाणपुलांवर वाद घालायचा, हे मला पटत नाही.

त्यात मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. म्हणजे साथ आली तेव्हा जाब विचारायला प्रभागात निवडून आलेलं कुणीच नव्हतं. आता चार सदस्यांचा प्रभाग आहे, तिथेही 'ते काम दुसऱ्यांकडे' हे उत्तर ठरलेलं. म्हणून मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, चौघांनाही वेगवेगळं, विचारा: आमच्या नळाला येणारं पाणी कुठून येतं, कुठे शुद्ध होतं, तपासणीचे अहवाल दर महिन्याला लावणार का? टँकरचं आश्वासन देणाऱ्याला मी तरी मत देणार नाही.