मदत हवी आहे: एसी २४ वर, तरी दुपारी ऑफिसात गुदमरतं

शाहूपुरी_ऑफिस
ऑफिस कोल्हापुरात शाहूपुरीत आहे. दीड टनाचे तीन स्प्लिट एसी, तिन्ही चालू, २४ वर. सकाळी ठीक असतं. तीनच्या सुमारास सगळ्यांचं डोकं जड होतं, जांभया सुरू. पाऊस लागल्यापासून कोंदट वासही येतोय. सर्व्हिसिंग झालं, गॅस भरला. मेकॅनिक म्हणतो चौथा एसी लावा. लावू का? लवकर सांगा, शनिवारी माणूस येणार आहे.

उद्यमनगरकर
आधी हे सांगा: माणसं किती, जागा किती, खिडक्या उघडतात का? स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच फिरवून थंड करतो. चौथा लावला तर तीच हवा चार मशिनं फिरवतील.
आणि गॅस आपोआप संपत नाही. भरावा लागला म्हणजे कुठेतरी गळती आहे. फ्लेअर नटला (गॅसचा पाइप जोडतो तो) साबणाचं पाणी लावून बघायला सांगा.

हिरवा_कोपरा
स्नेक प्लांट, मनी प्लांट ठेवा. हवा शुद्ध होते.

डक्टवाला
ऑफिसभर माणसांचा कार्बन डायऑक्साइड आठ-दहा कुंड्या ओढू शकत नाहीत. शोभेला जरूर ठेवा. पण पाणी साचू देऊ नका, नाहीतर ओल वाढेल.

शाहूपुरी_ऑफिस
२४ माणसं, १००० चौरस फूट. समोर पूर्ण काच, फिक्स, उघडत नाही. एअर प्युरिफायर घेतला तर चालेल का?

डक्टवाला
प्युरिफायर धूळ पकडतो, कार्बन डायऑक्साइड नाही. तुमचं दुखणं ताज्या हवेचं दिसतंय. एनडीआयआर (इन्फ्रारेड प्रकाशाने मोजणाऱ्या) सेन्सरचा कार्बन डायऑक्साइड मीटर आणून टेबलाच्या उंचीवर, कुणाच्या तोंडासमोर नाही असा ठेवा. अगदी स्वस्त मीटर बहुतेक वेळा वासांवरून अंदाज करतात, सॅनिटायझरची बाटली उघडली तरी आकडा उडतो. बाहेर साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२०) असतं. दुपारी आत २००० च्या वर दिसलं तर शंकाच नको.
हिशोब: अ‍ॅशरे ६२.१ (ताज्या हवेचं अमेरिकन मानक) प्रमाणे ऑफिसला माणशी ५ सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) आणि चौरस फुटाला ०.०६. म्हणजे १२० + ६० = १८० सीएफएम ताजी हवा.

उद्यमनगरकर
१८० हे किमान झालं. बसून काम करणारा माणूस सेकंदाला ५ मिलिलिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो. १८० सीएफएमवर २४ माणसांत आकडा १९०० च्या जवळ जाऊन थांबेल, जांभया तशाच राहतील. माणशी १५ धरा, ३६० सीएफएम. तेव्हा कुठे ११५० च्या आसपास येईल.

डक्टवाला
आकडा बरोबर, पण पावसाळ्यात ३६० ची ओल कोण काढणार? बाहेर २६ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असताना १८० सीएफएमसोबत तासाला अंदाजे ३ लिटर पाणी आत येतं. ३६० ला सहा. नुसती एवढी ओल काढायलाच टनभराहून जास्त एसी लागतो. म्हणून ईआरव्ही (एनर्जी रिकव्हरी व्हेंटिलेटर) लावा. जाणाऱ्या थंड-कोरड्या हवेशी येणाऱ्या हवेची उष्णता आणि ओल अदलाबदल होते, निम्म्याहून जास्त भार वाचतो. त्याचा कोर एन्थाल्पीचा (उष्णता आणि ओल दोन्ही देणारा) घ्या, ॲल्युमिनियमचा फक्त उष्णता देतो, ओल नाही.

गंगावेस
एवढा खर्च कशाला? भिंतीला ९ इंची एक्झॉस्ट ठोका, काम झालं.

डक्टवाला
नुसता एक्झॉस्ट लावला की ऑफिसात ओढ तयार होते. हवा मग संडासातून, जिन्यातून, फटींतून येते, धूळ आणि वास घेऊन. हवा आत ढकलणारा पंखा फिल्टरसह लागतो, बाहेर जायची वाट समोरच्या टोकाला.

रंकाळा_वारा
डेझर्ट कूलर बसवा, ताजी हवा भरपूर. वीजही कमी.

उद्यमनगरकर
मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी ठीक आहे. जुलैत कूलर म्हणजे ओलीत ओल, आणि एसीसोबत तर कधीच नाही.
धागाकर्ते, काच कुठल्या दिशेला आहे? एसीचा पंखा 'ऑटो'वर आहे की सतत चालू? कोंदट वासाचं कारण बहुतेक तिथे आहे.

शाहूपुरी_ऑफिस
काच पश्चिमेला. पंखा सतत फुल. आतून पडदे आहेत. काचेजवळचे लोक उकडतं म्हणतात, एसीखालचे कुडकुडतात. मीटर मित्राकडून आणला, साडेतीनला २३८० दाखवतो.

उद्यमनगरकर
मग चौथा एसी रद्द करा. क्षमता वाढली की तापमान लगेच गाठलं जातं, कॉम्प्रेसर लवकर थांबतो, ओल काढायला वेळच मिळत नाही. त्यात पंखा फुल, म्हणजे कॉइलवरचं पाणी परत हवेत. आधी ऑटो करा, पावसाळ्यात 'ड्राय' मोड वापरून बघा. ब्लोअरची चाकं उघडून काळी बुरशी धुवायला सांगा, सर्व्हिसिंगमध्ये नुसती जाळी धुऊन देतात. ड्रेन पाइपला उतार आहे ना, तेही बघा.
काचेजवळचं उकडणं हवेचं नाही, तापलेल्या काचेच्या झळीचं आहे. २२ केलं तरी जाणार नाही, उलट पलीकडचे गारठतील. आतल्या पडद्यापर्यंत ऊन आलं की उष्णता आतच अडकते. बाहेरून लूव्हर (तिरप्या पट्ट्या) किंवा जाळी लावा.

रंकाळा_वारा
नवीन इन्व्हर्टर फाइव्ह स्टारच घ्या, बिल कमी येईल.

डक्टवाला
बिलाबद्दल कुणी विचारलेलं नाही. शनिवारच्या माणसाला हे सांगा: हवा आत घ्यायचं तोंड रस्त्याच्या धुरापासून आणि जनरेटरच्या नळीपासून लांब ठेव, एक्झॉस्टपासून किमान १० फूट. आधी जाळी, मग एमईआरव्ही १३ दर्जाचा (बारीक धूळ पकडणारा) फिल्टर. साखर कारखाने सुरू झाले की बगॅसची (उसाच्या चिपाडाची) राख येते, तेव्हा जाळी दर आठवड्याला धुवा. पंख्यावर छापलेले सीएफएम मोकळ्या हवेतले असतात. फिल्टर आणि २० फूट फ्लेक्सिबल डक्ट लागलं की निम्म्यावरही येतं. स्टॅटिक प्रेशरचा तक्ता (अडथळा असताना पंखा किती हवा देतो त्याचा) मागा, त्याच्याशिवाय पंखा घेऊ नका. फ्लेक्सिबल डक्ट ताणून बसवा, चुण्या पडल्या की हवा अडते.

शाहूपुरी_ऑफिस
डक्टसाठी काचेलाच भोक पाडायचं का? माणूस म्हणतो कापून देतो.

डक्टवाला
आधी काचेच्या कोपऱ्यात टफन्डचा शिक्का आहे का बघा. टफन्ड काच कापली की सगळी फुटून चुरा होते. तो एक पॅनल काढून तिथे एसीपी (ॲल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनल) शीट बसवा, भोक तिला पाडा. लूव्हरचं तोंड खाली आणि मागे कीटकजाळी, नाहीतर पाऊस थेट फिल्टरवर.